ओहोटी साडेदहाची: रायबंदर-चोडणच्या एका कयाक सहलीचं प्रकरण

डिसेंबरातला रविवार, मार्गशीर्ष कृष्ण षष्ठी. सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीतल्या एका फाट्यात, म्हणजे नदीच्या अरुंद शाखेत, आमच्या पाच दुहेरी कयाकपैकी दोन चिखलावर बसल्या. चार पाहुणे आणि एक गाईड जवळजवळ दीड तास तिथेच अडकले. एकाचा तळपाय कालवांनी कापला. बाकी कुणाला काही झालं नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी याव्यात एवढंही हे प्रकरण मोठं नाही. तरी ते लिहून ठेवतोय, कारण त्या दिवशी समुद्र शांत होता, वारा नव्हता, सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली होती, गाईड अनुभवी होता आणि भरती-ओहोटीचा तक्ता त्याच्या मोबाइलवर उघडा होता. तक्त्यात ओहोटी साडेदहाची होती. आम्ही साडेदहाच्या कितीतरी आधी अडकलो.

त्या सहलीत मी शेपटावर होतो, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहून कुणी रेंगाळलं तर त्याला पुढे ढकलणारा. त्यामुळे पुढे जो दोष निघेल त्यात माझाही वाटा धरावा.

सहल कशी आखलेली होती

मांडवीच्या दक्षिण काठावर रायबंदरचा फेरीधक्का, समोर चोडण. फेरीबोट पाच-दहा मिनिटांत पलीकडे जाते आणि पायी माणसाला तिकीट पडत नाही. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. आम्ही अभयारण्यात शिरत नाही. तिथे वनखात्याचे नियम आहेत. आमची सहल त्याबाहेरच्या एका फाट्यात जाते. हा फाटा आत जाऊन दोन वळणं घेतो आणि दुसऱ्या वळणापलीकडे दोन्ही काठांची तिवरं, कांदळं डोक्यावर एकत्र येतात. त्या झाडांच्या भुयाराचा फोटो सहलीच्या जाहिरातीत सगळ्यात वर आहे. लोक पैसे भरतात ते त्या फोटोचे.

कागदावरची वेळ अशी: सातला रायबंदरहून निघायचं. प्रवाहाबरोबर थोडं पणजीच्या दिशेने उतरायचं आणि पाण्यातून पोंते द लिन्हारिस पाहायचा. तिथून नदी ओलांडून सात चाळीसला फाट्यात शिरायचं, सव्वाआठपर्यंत बाहेर यायचं, नऊच्या आत धक्क्यावर चहा.

पोंते द लिन्हारिस म्हणजे पणजी-रायबंदर जोडणारा तो लांब बांधरस्ता. रोज त्यावरून दुचाकीने जाणाऱ्या पणजीकरालाही तो १६३३-३४ साली बांधलाय हे आठवत नाही. व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्हारिस याच्या कारकिर्दीतलं हे काम. लांबी सुमारे ३.२ किलोमीटर. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि मधल्या कमानींतून भरतीचं पाणी आत-बाहेर करायचं. रस्त्यावरून जाताना तो नुसता रस्ता वाटतो. कयाकमध्ये पाण्याच्या पातळीला बसून पाहिलं की लक्षात येतं, खालून पाणी खेळतं ठेवून दलदलीवर उभारलेला हा पूल आहे. पणजी शहर असंच आहे. उरें खाडी, सांत इनेजची खाडी, पाटोचा भाग, सगळीकडे जमीन आणि पाणी यांच्यात जुनी देवघेव चालू असते. आपण वरून डांबर टाकलं म्हणून ती थांबलेली नाही. आमचा गाईड हे फार रंगवून सांगतो. पाहुण्यांनी विचारलं तर ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा जुना पूल कसा कोसळला हेही सांगतो. ही त्याची हातोटी आहे, आणि त्या दिवशी तीही आम्हाला नडली.

पाहुणे

दहा जण, पाच दुहेरी कयाक. पुण्याचे काका-काकू, त्यांची लेक आणि जावई. कोल्हापूरची दोन तरुण पोरं. बेंगळुरूचं एक जोडपं. नागपूरच्या एक बाई आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा. गाईड आणि मी एकेरी कयाकमध्ये.

पुण्याच्या मंडळींची टॅक्सी रायबंदरऐवजी जुन्या गोव्याच्या फेरीवर गेली, जिथून दिवाडला जातात. ही चूक आमच्याकडे महिन्यातून दोनदा होते. दोन्ही ठिकाणी फेरी, दोन्ही ठिकाणी पलीकडे बेट; बाहेरून आलेल्या ड्रायव्हरचा तरी काय दोष? मंडळी पोहोचली सात वीसला. मग जॅकेटं, वल्हं धरायची शिकवणी, काकांचा गुडघा, काकूंचा मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणं. पाण्यात उतरलो तेव्हा पावणेआठ वाजले होते.

म्हणजे पाऊण तास उशीर. जमिनीवरच्या सहलीत पाऊण तासाने चहा गार होतो, बाकी काही बिघडत नाही. इथे तो पाऊण तास नेमका कुठल्या पाऊण तासात पडला हे पाहायला हवं.

पाण्याचा हिशेब

कोकणात, गोव्यात जुन्या लोकांकडे भरतीची वेळ काढायची एक साधी रीत आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. रीत ढोबळ आहे, जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, पण खिशात तक्ता नसलेल्या माणसाला ती पुरते. षष्ठीला सहाचे पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी, साडेदहाला, पूर्ण ओहोटी. मुरगाव बंदराच्या तक्त्यातही त्या दिवशी जवळपास याच वेळा होत्या. भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक सुमारे १.४ मीटर. उधाणाइतका मोठा नाही, भांगाइतका, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीइतका, लहानही नाही. मधला.

आता हे १.४ मीटर पाणी सहा तासांत सारखं उतरत नाही. नावाडी लोक त्याचे बारा भाग करतात. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी पाणी रेंगाळतं आणि मधल्या दोन तासांत धाड्दिशी अर्धं निघून जातं. त्या दिवशीचे मधले दोन तास होते साडेसहा ते साडेआठ. या दोन तासांत ७० सेंटिमीटर, म्हणजे तासाला ३५.

फाट्याच्या दुसऱ्या वळणावर तळ उथळ आहे. पूर्ण ओहोटीच्या पातळीपेक्षा तो साधारण २० सेंटिमीटर वर आहे. हे आम्ही नंतर काठी रोवून मोजलं. आधी मोजलेलं नव्हतं. कागदावरच्या वेळेने आत गेलो असतो तर सात चाळीसला वळणावर सुमारे ४४ सेंटिमीटर पाणी मिळालं असतं आणि सव्वाआठला बाहेर पडताना २४. दोन जड माणसं बसलेल्या कयाकला वीतभराहून कमी, पंधराएक सेंटिमीटर पाणी लागतं. म्हणजे वेळेवर गेलो असतो तरी फार ऐसपैस नव्हतंच. आम्ही प्रत्यक्षात तिथे पोहोचलो साडेआठला. पाणी उरलं होतं जेमतेम १५. परतायला लागलो आठ पन्नासला. तेव्हा ७.

पाऊण तास उशीर आणि वर पाच-दहा मिनिटं, एवढ्यात २९ सेंटिमीटर गेले. हाच उशीर पहाटे पाचला झाला असता तर पाणी चौदाएक सेंटिमीटरच उतरलं असतं.

गाईडने तक्ता पाहिला नव्हता असं नाही. धक्क्यावर मी त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला, "ओहोटी साडेदहाची आहे, आपण नऊला बाहेर. दीड तास हातात आहे." मलाही ते पटलं. साडेदहाची ओहोटी आम्ही साडेदहाच्या गाडीसारखी वाचली, जणू साडेदहापर्यंत फलाटावर उभी असते आणि मग सुटते. खरं तर साडेदहाला ती शेवटच्या स्टेशनवर पोहोचते. आमच्या वळणावरून ती केव्हाच निघून गेलेली असते.

आत

पहिलं नुकसान पुलापाशी झालं. ओहोटीचा प्रवाह आम्हाला पणजीकडे सुरेख घेऊन गेला. गाईडने कमानी दाखवल्या, मिठागरं दाखवली, १६३३ सांगितलं. काकांनी १९८६ विचारलं. दहा मिनिटं गेली. पण गोष्ट ऐकत बसलेल्या कयाक प्रवाहाबरोबर खाली सरकतच होत्या. नदी ओलांडून फाट्याच्या तोंडाशी जायला मग आम्हाला प्रवाहाविरुद्ध वर चढावं लागलं, आणि तेही ओहोटी सर्वांत जोरात असताना. नागपूरच्या बाईंचे हात भरून आले. कागदावर पुलापासून फाट्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं धरली होती. प्रवाहाने आम्हाला धरलेल्यापेक्षा जास्त दमवलं.

तोंडाशी आलो तेव्हाच परत फिरता आलं असतं. तिथे दिसत होतं सगळं. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आली होती आणि त्यांचा खालचा अर्धा भाग ओला, काळपट होता. कांदळाच्या कमानदार मुळांवर चिकटलेली कालवं पाण्याबाहेर वीतभर चमकत होती. काठावर निवट्या उड्या मारत होत्या. निवट्या दिसायला लागल्या म्हणजे चिखल उघडा पडायला लागलाय. हे मी पर्यटकांना कौतुकाने दाखवतो, "हे बघा, चालणारा मासा." त्या दिवशीही दाखवलं. चौदा वर्षांच्या मुलाला फार गंमत वाटली. चिखलाचा पट्टा डाव्या बाजूला रुंद होत चाललाय हे मला दिसत होतं आणि मी बोललो नाही. पाहुण्यांसमोर मुख्य गाईडला टोकायचं नाही असा आमच्यात अलिखित संकेत आहे. संकेत चांगला आहे, पण त्याला अपवाद ठेवायला हवा होता.

गाईड आत का गेला? नंतर शांतपणे बोललो तेव्हा त्याने दोन कारणं दिली. एक म्हणजे भुयाराचा फोटो. आधीच उशीर झालेल्या मंडळींना तोही दाखवला नाही तर पैसे परत मागतील. दुसरं कारण जास्त विचार करण्यासारखं आहे. तो नदीत शिकलेला माणूस. नदीत नवख्यांना नेताना शहाणपण असं, की जाताना प्रवाहाविरुद्ध जावं म्हणजे येताना दमलेल्या हातांना प्रवाहाची मदत होते. ओहोटीला फाट्यात शिरणं या नियमाला धरून आहे: आत जाताना विरुद्ध, बाहेर येताना सोबत. त्याच्या डोक्यात आम्ही सुरक्षित बाजूला होतो. नियम खोटा नाही, पण तो खोल पाण्याचा आहे. खारफुटीच्या फाट्यात प्रश्न दमण्याचा नसून खोलीचा असतो, आणि तिथे नेमकं उलट करायचं: चढत्या भरतीला आत शिरायचं. अडकलात तरी दहा मिनिटांत पाणीच तुम्हाला उचलतं. उतरत्या पाण्यात अडकलात तर पुढचं प्रत्येक मिनिट तुमच्याविरुद्ध.

साडेआठला दुसरं वळण तळ घासत पार केलं. फोटो निघाले. परत वळलो. आठ पन्नासला वळणावर काका आणि जावई यांची कयाक अडली. काका मागे बसले होते, वजन नव्वदच्या घरात, त्यामुळे कयाकचं ढुंगण खाली आणि तेच रुतलं. त्यांना चुकवायला कोल्हापूरच्या पोरांनी बाजूने काढायला पाहिलं; ती कयाक तर सरळ चिखलाच्या उंचवट्यावरच चढली. काकू आणि लेक, बेंगळुरूचं जोडपं, नागपूरची मायलेकरं, या तिन्ही कयाक त्यांच्या पुढे होत्या. मधल्या खोल चरातून त्या निसटल्या.

पाय

कोल्हापूरच्या दोघांतला एक म्हणाला, "उतरून ढकलतो की ओ, त्यात काय!" गाईड "नको" म्हणेपर्यंत तो उतरला होता. मांडीपर्यंत गेला. खारफुटीचा चिखल वरून गुळगुळीत दिसतो आणि खाली लापशीसारखा असतो. पाय उपसायला तो जोर करू लागला तसा दुसराही पाय आत. एक सँडल खाली राहिली आणि त्या पायाचा तळवा आत कुठल्या तरी मुळावरच्या कालवांवर घासला.

इथून पुढे गाईडने जे केलं त्याला मी पूर्ण गुण देईन. आवाज चढवला नाही. "भाऊ, उभा राहू नकोस. कयाकवर पालथा पड, छाती टाक." वजन पसरलं की चिखलाची पकड सैल होते. मग एकेक पाय घोट्यातून हलवत, गोल फिरवत, सावकाश. पाच-सात मिनिटांत पोरगा बाहेर. काकांना त्याने दरडावून सांगितलं, "काका, तुम्ही हलायचं नाही, काही झालं तरी." काकू लांबून ओरडत होत्या, "अहो, गप्प बसा हो तुम्ही, ते सांगतायत ना!" काका खरंच गप्प बसले.

जखम तीन-चार सेंटिमीटर, फार खोल नाही, पण कालवांची जखम दिसते तेवढ्यावर थांबत नाही. खाऱ्या-गोड्या पाण्यातल्या जिवाणूंनी ती चिघळू शकते. प्यायच्या पाण्याने भरपूर धुतली, चिखल काढला आणि घट्ट न बांधता वर फक्त स्वच्छ कापड लावलं. धुण्यात दोन बाटल्या गेल्या. माणशी एक बाटली पाणी होतं. मागे राहिलेल्या पाच जणांकडे मिळून तीन उरल्या.

निर्णय

आता दोन गट करायचे की नाहीत? सर्वसाधारण नियम आहे की गट फोडायचा नाही. पण आम्ही दोन गाईड होतो आणि बाहेरचा चरही मिनिटागणिक आटत होता. गाईड म्हणाला, "तू सहा जणांना घेऊन सूट. तोंडाशी थांबू नकोस, सरळ चोडणच्या धक्क्याला लाव. नदी ओलांडू नकोस." मी सहा जणांना काढलं. पंचवीस मिनिटांत चोडणच्या फेरीधक्क्याला लागलो, कयाक वर ओढून ठेवल्या आणि मंडळी फेरीबोटीत बसून रायबंदरला चहाला गेली. त्या क्षणी जाणवलं, की ही वाट कायम उघडी होती. सहल "रायबंदर ते रायबंदर" विकलेली, म्हणून परतीचा विचार आम्ही फक्त कयाकनेच करत होतो. नदीच्या दोन्ही काठांना सरकारी फेरी लागते आणि ती फुकट आहे, हे रोज डोळ्यांसमोर असून आमच्या आराखड्यात कुठेच नव्हतं.

काकू मात्र गेल्या नाहीत. धक्क्यावर बसून राहिल्या. "ते आले की जाऊ."

आत राहिलेल्या पाच जणांपुढे सरळ पर्याय होता वाट पाहण्याचा. पाणी साडेआठला होतं तेवढं परत यायला साडेबारा वाजणार, कारण साडेदहाच्या अलीकडे दोन तास तर पलीकडेही दोन तास. म्हणजे पावणेचार तास उन्हात, तीन बाटल्यांवर, एक जखमी. आणि साडेबाराला पाणी मिळालं तरी दुपारी मांडवीवर समुद्राकडून वारा सुटतो, पर्यटकांच्या मोठ्या बोटी फिरू लागतात. दमलेल्या माणसांनी ती नदी ओलांडायची नाही.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावर एक म्हातारा पागी, म्हणजे जाळं टाकून मासे धरणारा, आला. खांद्यावर पागेर, त्याचं फेकायचं जाळं. त्याने आधी या सगळ्यांकडे नुसतं पाहिलं, मग म्हणाला, "सुकती न्हय? बारा वाजल्या बगर उदक येवचें ना." म्हणजे ओहोटी ना, बारा वाजल्याशिवाय पाणी यायचं नाही. त्याच्याकडे मोबाइल नव्हता, तक्ता नव्हता. मग त्याने हात करून दाखवलं, की पन्नासेक पावलांवर मानस आहे आणि तिथे चिऱ्याचा चौथरा आहे.

मानस म्हणजे खाजनाचं दार. चोडण, दिवाडच्या खाजन शेतांची पातळी भरतीच्या पाण्याखाली असते. चिखल, चिरा घालून बांध रचतात आणि बांधात लाकडी झडपांचं मानस बसवतात. भरतीचं पाणी झडप दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर येतं. माणसाने हात न लावता चालणारं हे शहाणं यंत्र आहे. ओहोटीला मानसाच्या तोंडाशी ओढ असते, म्हणून आम्ही पाहुण्यांना तिकडे फिरकू देत नाही. पण त्या ओढीमुळेच मानसापुढचा चर साफ राहतो आणि दगड उघडे असतात. आम्ही त्या जागेकडे कायम धोका म्हणूनच पाहिलं होतं. त्या गावातला माणूस तिच्याकडे पायरी म्हणून पाहत होता.

ओढदोर बांधापर्यंत पोहोचला. कयाक चिखलावरून छान घसरते, हेही त्या दिवशी कळलं. माणसं कयाकमध्येच बसवून, पागी आणि गाईड बांधावरून ओढत, मध्ये थांबत, दोन फेऱ्यांत चौघांना चौथऱ्यापर्यंत आणलं. काकांची खेप जड गेली. पागी हसून म्हणाला, "बरो जेवतासो दिसता!" काकांना कोकणी कळली नाही, पण ते हसले. सव्वादहाला सगळे बांधावर होते. तिथून बांधाच्या कडेने चालत रस्त्याला आणि रस्त्याने धक्क्याला. पागीने पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाईड त्याच्या घरी जाऊन आला.

कोल्हापूरच्या पोराला पणजीत डॉक्टरकडे नेलं. जखम पुन्हा धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन, प्रतिजैविकं. आठवड्याने त्याने फोटो पाठवला. भरत आली होती.

दोन कयाक तिवराला बांधून ठेवल्या होत्या. पाचच्या भरतीला आम्ही दोघे त्या आणायला गेलो. वळणावर वल्हं उभं घातलं तर निम्मं पाण्यात बुडत होतं.

पुढे काय बदललं

सगळ्या सहलीच्या आरंभवेळा तिथीनुसार ठरवाव्यात असं आम्ही मालकांना सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत, पण बुकिंगचं ॲप रोजची एकच वेळ घेतं: सात. शनिवार-रविवारी येणाऱ्या माणसाला रविवारची सातची सहल हवी असते. त्याला षष्ठीशी देणंघेणं नसतं. त्याचंही बरोबरच आहे, त्याचं सोमवारी ऑफिस असतं. शेवटी तडजोड निघाली. पंचमी ते नवमी, दोन्ही पक्षांत, सकाळच्या सहलीत फाटा नाही. त्याऐवजी मोठ्या पात्रातूनच काठाकाठाने पक्षी आणि पूल. फाट्यात जायचं ते फक्त चढत्या पाण्याला. उशीर झाला तर आधी पूल वगळायचा, गोष्ट धक्क्यावर सांगायची. दुसऱ्या वळणावर आम्ही एक बांबू रोवलाय आणि त्यावर लाल रंगाची खूण आहे. पाणी खुणेखाली असेल तर तिथूनच परत, आणि ते म्हणण्याचा हक्क शेपटावरच्या माणसालाही आहे. तो मी आतापर्यंत दोनदा वापरला. एकदा गाईड माझ्याशी दुपारपर्यंत बोलला नाही.

आदल्या रात्री पाहुण्यांना फोन करून सांगायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात ठाण्याच्या एक बाई म्हणाल्या, "पण ते झाडांचं भुयार दिसणार ना? आम्ही त्याच्यासाठीच येतोय."

म्हटलं, "ताई, रविवारी नाही दिसणार, पाणी नसतं. पुढच्या शनिवारपर्यंत थांबणार असाल तर त्या दिवशी नऊला या, मस्त भरती असेल. भुयारात पान न हलता जाता येईल."

"शनिवारी काय आहे?"

"अमावास्या."

पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मागे कुणाला तरी विचारल्याचा आवाज, आणि ताई परत आल्या. "अमावास्येला पाण्यात नको हो. दुसरा कुठला दिवस बघा ना."